वर्कशॉपमधून लेकरू धडधाकट घरी यावं म्हणून

रात्री एक-दीडच्या सुमारास मुलगा उठून बसतो. डोळे उघडवत नाहीत, पाणी थांबत नाही, मूठभर रेती टाकल्यासारखं टोचतं. घरातला बल्ब लावला तरी तो तोंड झाकून घेतो. आई विचारते, "काय गेलं रे डोळ्यात?" तो म्हणतो, "काहीच नाही गेलं." आणि तो खरंच सांगत असतो. दुपारी वर्कशॉपमध्ये शेजारचा मुलगा वेल्डिंग करत होता आणि हा बाजूला उभा राहून उघड्या डोळ्यांनी बघत होता. एवढंच झालेलं असतं.

ज्या घरातलं पोर आयटीआयला किंवा टेक्निकल शाळेत जातं, अशा कितीतरी घरांनी ही रात्र पाहिलेली आहे. मग कोणी डोळ्यांवर बटाट्याची चकती ठेवतं, कोणी गुलाबपाणी टाकतं, कोणी शेजारच्या बाळंतिणीकडून दूध मागून आणतं. दोन दिवसांनी डोळे उघडतात आणि घरातले म्हणतात, "वेल्डिंग शिकायचं म्हणजे एवढं चालायचंच."

या महिन्याच्या आरोग्याच्या पानावर आम्हाला एवढंच सांगायचं आहे, की हे 'चालायचंच' नाही. वर्कशॉपमधला अपघात नशिबाने होत नाही. त्याला कारण असतं, ते कारण आधी दिसतं आणि बहुतेक वेळा फार खर्च न करता ते दूर करता येतं. मात्र ते बघणारे डोळे आणि विचारणारं तोंड घरात असलं पाहिजे.

हा विषय आपल्याच घराचा आहे

आपल्या भंडारा जिल्ह्यात वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँड आहे, जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, तुमसर तालुक्यात मॅंगनीजच्या खाणी आहेत. धानाच्या शेतीत वर्षभर पुरेल एवढं काम नाही. म्हणून वस्तीतला बाप म्हणतो, पोराच्या हाती फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट आलं की घर उभं राहील. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला आयटीआयला प्रवेश मिळतो. म्हणजे मिसरूडही न फुटलेलं पोर फिरत्या लोखंडासमोर उभं राहतं. शाळेत आठवी ते दहावीला तांत्रिक विषय घेतलेली मुलं तर याच वयाची असतात.

बाबासाहेबांनी आपल्या मुलांच्या तांत्रिक शिक्षणाचा आग्रह धरला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या बाजूच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले आणि मजूर कुठे, कसा काम करतो ते डोळ्यांनी पाहून आले. याच भंडाऱ्यातून त्यांनी १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती. आपण त्यांच्याकडून 'शिका' हा शब्द घेतला. शिकण्याची जागा कशी आहे ते स्वतः जाऊन पाहायचं, हेही त्यांच्याकडूनच घ्यायला हवं.

२४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आठ जणांचा जीव गेला. त्या दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक कामगाराच्या घरात फोन वाजत होते. दारूगोळ्याचा कारखाना आणि शाळेचं वर्कशॉप यांत फार अंतर आहे, ते आम्हाला कळतं. पण धोक्याच्या जागी वागायची सवय कारखान्यात पहिल्या दिवशी लागत नाही. ती शाळेच्या वर्कशॉपमध्ये लागते, नाही तर लागतच नाही.

दुपारी लागतं, रात्री दुखतं

आता सुरुवातीच्या त्या डोळ्यांकडे येऊ. वेल्डिंगच्या ठिणगीतून जो उजेड निघतो, त्यात न दिसणारे अतिनील किरण असतात. उन्हाने कातडी भाजते तशी त्या किरणांनी डोळ्याची समोरची पारदर्शक पापुद्र्यासारखी बाजू भाजते. गंमत अशी की भाजताना काहीच कळत नाही. त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो. म्हणून मुलगा संध्याकाळी हसतखेळत घरी येतो आणि मध्यरात्री रडत उठतो.

अशा वेळी बटाटा, दूध, मध, तूप काहीही डोळ्यात घालू नका. स्वच्छ थंड पाण्यात भिजवलेलं फडकं मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा, खोलीत अंधार करा आणि सकाळी डॉक्टरांकडे न्या. डोळा सुन्न करणारे थेंब दुकानातून आणून परत परत टाकू नका. दुखणं थांबतं, पण जखम भरत नाही. एक-दोन दिवसांत बहुतेकदा आराम पडतो. नजर धूसर राहिली किंवा एकाच डोळ्यात जास्त दुखत असेल तर नेत्रतज्ज्ञाला दाखवायलाच हवं.

पण खरा उपाय आधीचा आहे. आर्क वेल्डिंग करणाऱ्याच्या शील्डला १० किंवा ११ नंबरची काळी काच लागते. बाजारातला काळा गॉगल चालत नाही, गॅस वेल्डिंगचा चष्माही चालत नाही. आणि जो नुसता बघतो आहे त्यालाही संरक्षण हवं. वेल्डिंगच्या जागेभोवती पडदा हवा. वीस मुलांत दोन शील्ड असतील तर उरलेल्या अठरांनी पाठ फिरवायची, हा नियम हवा. बघणाऱ्याचेही डोळे भाजतात, कारण शील्ड त्याच्या हातात नसते.

रात्री उमटणारं आणखी एक दुखणं आहे. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. घरच्यांना वाटतं हिवताप आला. भंडारा तर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पितळ वितळवणाऱ्या कारागिरांना हा ताप जगभर पूर्वीपासून ठाऊक आहे. एक-दोन दिवसांत तो उतरतो, पण डॉक्टरांना सांगताना "आज पोरगा वेल्डिंगच्या धुरात होता" हे वाक्य विसरू नका. त्या एका वाक्याने औषधाची दिशा बदलते. दम लागत असेल तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

हातमोजा कुठे घालायचा, कुठे काढायचा

घरच्यांना वाटतं, हातमोजे घातले की हात वाचला. हे अर्धंच खरं आहे. वेल्डिंग करताना, गरम लोखंड धरताना, धारदार पत्रा उचलताना चामड्याचा हातमोजा हवाच. पण लेथ मशीन किंवा ड्रिल मशीन फिरत असताना हातमोजा घालायचाच नाही. फिरता भाग मोज्याचं एक टोक पकडतो आणि मोज्याबरोबर बोटं, मनगट, हात ओढून घेतो. उघड्या हाताला खरचटलं असतं, तिथे मोज्यामुळे हात जातो. मुलाला मोज्याचं कारण समजावून सांगा. नुसतं 'घाल' किंवा 'काढ' म्हटलं तर तो चुकीच्या मशीनवर चुकीचं करेल.

हीच गोष्ट अंगावरच्या प्रत्येक लोंबत्या वस्तूची. मोकळा शर्ट, उघडी बाही, गळ्यातली चेन, हातातलं कडं, अंगठी, मोबाइलच्या इअरफोनची वायर. आणि एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगतो. परित्राण पाठाच्या वेळी मनगटाला बांधलेला पांढरा धागा मुलं महिनोन्महिने ठेवतात. अशोकचक्राचं लॉकेट गळ्यात असतं. वर्कशॉपच्या दिवशी हे सगळं काढून घरी ठेवायचं. धागा काढल्याने श्रद्धा कमी होत नाही. तो ज्यासाठी बांधला, त्या लेकराच्या भल्यासाठीच तो काढायचा आहे.

मुलींच्या बाबतीत वेणी घट्ट बांधून टोपीत किंवा रुमालात आणि ओढणी बाजूला, हा नियम. ओढणीऐवजी वर्कशॉपचा ॲप्रन घालू द्या. काही ठिकाणी 'मुलींना लागेल' म्हणून त्यांना मशीनपासून लांब बसवतात आणि वही उतरवायला लावतात. याला सुरक्षा म्हणत नाहीत. मशीन न शिकलेली मुलगी उद्या नोकरीवर त्याच मशीनसमोर पहिल्यांदा उभी राहील, आणि तेव्हा धोका जास्त असेल.

लेथच्या चकमध्ये चावी विसरून मशीन सुरू करणं, ही नवशिक्यांची जुनी चूक. चक फिरलं की ती चावी दगडासारखी उडते. मुलाला एक सवय लावा: चकला लावलेली चावी हातातून सुटायच्या आधी चकमधून काढायची. तशीच दुसरी सवय, लोखंडाचा निघालेला कीस हाताने ओढायचा नाही. त्याला ब्रश किंवा आकडा वापरायचा, तोही मशीन थांबवून.

मशीन पुसणं, तेल देणं ही कामं मशीन पूर्ण थांबल्यावर आणि स्विच बंद केल्यावरच. १९४८ च्या कारखाने कायद्याने चालत्या मशीनची सफाई अल्पवयीन कामगाराकडून करून घ्यायला बंदी घातली होती, आणि पुरेसं शिकवल्याशिवाय किंवा जाणकाराच्या देखरेखीशिवाय त्याला धोकादायक मशीनवर उभं करायलाही. कारखान्यात जे पोराला करायला लावता येत नव्हतं, ते शाळेत का करायला लावावं? सफाईची पाळी रोल नंबरप्रमाणे सगळ्यांना यावी, हेही बघा. झाडू आणि पोतेरं दर वेळी वस्तीतल्याच मुलांच्या हाती येत असेल तर ते विचारायला लाजू नका.

ग्राइंडर, छिन्नी आणि चप्पल

ग्राइंडरचं चाक दगडाचं असतं आणि ते फुटू शकतं. चाकाला तडा असेल आणि ते वेगात फिरलं तर तुकडे गोळीसारखे सुटतात. म्हणून तीन गोष्टी. चाकावरचं लोखंडी झाकण कधीही काढायचं नाही. मशीन सुरू केल्यावर पहिलं मिनिटभर समोर उभं न राहता बाजूला उभं राहायचं. आणि ज्यावर हात व वस्तू टेकवतो ती पट्टी चाकापासून तीन मिलिमीटरपेक्षा लांब नसावी, नाही तर वस्तू फटीत अडकते आणि तिच्याबरोबर बोट जातं.

छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरतं. त्याच्या कडा हातोडीच्या एका घावाने तुटून डोळ्यात घुसतात. अशी छिन्नी आधी घासून नीट करायची, मगच वापरायची. ग्राइंडर, छिन्नी, ड्रिल यांवर पारदर्शक गॉगल घातल्याशिवाय हात लावायचा नाही. गॉगल फार महाग वस्तू नाही. शाळेत कमी पडत असतील तर मुलाला स्वतःचा घेऊन द्या. दिवाळीच्या कपड्यांच्या आधी हा खर्च करा.

कपड्यांचंही तसंच. टेरिकॉट, पॉलिस्टर दिसायला छान, पण ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतं. वर्कशॉपला सुती कपडे हवेत. पायात चप्पल नको. बंद बूट हवा, शक्य असेल तर जाड चामड्याचा. पॅन्टची मोहरी बुटात खोचायची नाही, बुटावर सोडायची. नाही तर ठिणगी थेट बुटात शिरते.

गॅस वेल्डिंगच्या ठिकाणी सिलिंडर उभे आणि साखळीने बांधलेले असले पाहिजेत. काळा सिलिंडर ऑक्सिजनचा आणि मरून रंगाचा ॲसिटिलीनचा. ऑक्सिजनच्या नळाला किंवा रेग्युलेटरला तेल, ग्रीस लावायचं नाही, तेलकट हातही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की भडका उडतो. 'घट्ट झालं, थोडं तेल सोड' हा सल्ला इथे जिवावर बेततो.

विजेला दुसरी संधी नसते

इलेक्ट्रिशियन आणि वायरमनची मुलं घरात फ्यूज बदलतात, बोर्ड दुरुस्त करतात, वस्तीत कौतुक होतं. ते कौतुक करा, पण एक सवय पक्की करून घ्या. ज्या लाइनवर काम करायचं तिचा मेन स्विच बंद, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात. जुने मिस्त्री हेच करत आले आहेत. फ्यूज खिशात असला की दुसरा कोणी येऊन चुकून लाइन सुरू करू शकत नाही. त्यानंतर टेस्टरने तपासायचं, आणि तो टेस्टर चालू आहे की नाही ते आधी चालू लाइनवर बघून घ्यायचं.

वर्कशॉपमधल्या प्रत्येक मशीनला अर्थिंग हवं. तीन पिनच्या प्लगची मोठी पिन तोडून दोन पिनच्या सॉकेटमध्ये बसवलेली दिसली तर समजा, त्या मशीनचं अर्थिंग गेलं. बोर्डाला ईएलसीबी किंवा आरसीसीबी असेल तर झटका बसताच लाइन क्षणात तुटते. त्यावरचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबून बघायचं असतं. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून ड्रिल चालवायचं नाही.

आग विझवायचं लाल नळकांडं भिंतीला असतं. पण त्याची मुदत संपली का, त्याच्यापुढे बाकडं ठेवलंय का, ते वापरता येणारं कोणी आहे का, हे कोण बघतं? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या रात्रीनंतर हे प्रश्न विचारणाऱ्याला भंडारा जिल्ह्यात तरी कोणी 'उगाच शंका काढतो' म्हणू नये. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं, आधी लाइन बंद करायची असते, हेही मुलाला आणि आपल्याला माहीत हवं.

लागलंच तर

पहिल्या दहा मिनिटांत जे करतो त्यावर बरंच ठरतं. हे कापून घरात आणि वर्कशॉपच्या भिंतीला लावा.

विजेचा झटका: चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरडं लाकूड किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूने बाजूला करा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात आणि भराभर दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. माणूस उठून बसला तरी एकदा दवाखान्यात दाखवा.

भाजणं: वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही, तेल नाही. फोड फोडू नका. चिकटलेला कपडा ओढू नका.

डोळ्यात लोखंडाचा कण: चोळू नका. रुमालाच्या टोकाने, चुंबकाने काढू नका. हातोडी-छिन्नीचा कण डोळ्याच्या आत गेलेला असू शकतो आणि बाहेरून जखम दिसतही नाही. डोळ्यावर दाब पडणार नाही असा कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टी लावा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे.

रक्त: स्वच्छ कापडाने दाबून धरा, हात वर करा. तंबाखू, कॉफी पावडर, माती जखमेवर भरू नका.

बोट तुटलं: तुटलेला तुकडा फेकू नका, धुवत बसू नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, मग ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर तो मरतो. नागपूर भंडाऱ्यापासून ६० किलोमीटरच्या आसपास आहे. वेळ वाया न घालवता निघालात तर बोट जोडायची आशा असते.

रुग्णवाहिकेसाठी १०८. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. शासनाच्या लसीकरणात टीडीची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. म्हणजे नेमकं वर्कशॉपच्या वयात. अनेक घरांत बाळपणीच्या लसी पूर्ण होतात आणि या दोन राहून जातात. आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते.

सरांना कसं विचारायचं?

इथेच गाडी अडते. प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात. आपण बोललो तर पोराचं नुकसान होईल, ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने बोलू नका. चार-पाच पालक मिळून जा. विहारातल्या महिला मंडळाने, तरुण मंडळाने पुढाकार घेतला तर अधिक बरं. भांडायला नको, बघायला जा. बहुतेक शिक्षकांनाही हेच हवं असतं. सामान मागून मागून ते थकलेले असतात, आणि पालकांचा लेखी अर्ज त्यांच्याच मागणीला जोर देतो.

वर्कशॉपमध्ये उभं राहून एवढं विचारा:

१. एका वेळी किती मुलं आणि त्यांच्यावर किती शिक्षक? शिक्षक बाहेर गेले तर मशीन बंद होतं का?

२. सगळ्यांना पुरतील एवढे गॉगल, शील्ड आहेत का? की कपाटात कुलूपबंद आहेत?

३. प्रत्येक मशीनवर झाकण आणि लाल रंगाचं बंद करायचं बटण आहे का? ते बटण दाबलं की मशीन थांबतं का, दाखवा.

४. अर्थिंग शेवटचं कधी तपासलं?

५. प्रथमोपचाराच्या पेटीत आत्ता काय आहे? उघडून दाखवा.

६. आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख कोणती?

७. लहानसहान जखमांची नोंदवही आहे का?

सातवा प्रश्न छोटा वाटतो, पण मोठा आहे. एकाच मशीनवर चार मुलांची बोटं खरचटली असतील तर पाचव्याचं बोट जायच्या आधी ती वही सांगते.

काही कमी आढळलं तर साध्या कागदावर अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्या समितीच्या सभेत हा विषय ठेवा. पुढच्या वर्गांसाठी पालक-शिक्षक संघ आहे. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याला अपघात झाला तर राज्य शासनाची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना आहे. तिचा अर्ज शाळेमार्फत जातो. दवाखान्याचे सगळे कागद, बिलं सांभाळून ठेवा. कागद नसला की हक्कही हातचा जातो.

अप्रेंटिस आणि रोडवरचं दुकान

आयटीआय झाल्यावर पोरगा कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागतो. त्याचं करारपत्र झालं आहे का, ते घरी आणून वाचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे प्रशिक्षण चालू असताना अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर येते. धोकादायक उद्योगातल्या कामांसाठी अप्रेंटिसचं वय किमान १८ हवं. करार नसेल तर पोरगा कायद्याच्या नजरेत त्या दारातून आत गेलेलाच नसतो.

आणि सुट्टीत हात बसावा म्हणून आपणच पोराला रोडवरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात पाठवतो. तिथे ना पडदा, ना गॉगल, ना ग्राइंडरचं झाकण. मालक स्वतःही उघड्या डोळ्यांनी काम करतो. तिथे शाळेत शिकवलेलं सगळं चार दिवसांत विसरलं जातं, कारण उस्ताद जे करतो तेच पोराला खरं वाटतं. पाठवायचंच असेल तर गॉगल आणि बूट देऊन पाठवा, आणि उस्तादाला हात जोडून सांगा, "याला झाकण काढलेल्या ग्राइंडरवर बसवू नका." चौदा वर्षांखालच्या मुलाला तर तिथे पाठवूच नका.

एक गोष्ट खर्र्याची. वर्कशॉपच्या वयातच आपल्याकडच्या पोरांच्या तोंडात खर्रा शिरतो. मशीनवर उभं राहून तो चोळायचा, थुंकायला वळायचं, आणि तेवढ्यात हात चालत्या मशीनवर. पाचवं शील आपण विहारात दर वेळी म्हणतो. नशा टाळायची, कारण ती माणसाला गाफील करते, हेच त्यात सांगितलेलं आहे. तथागतांचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचा, म्हणजे गाफील न राहण्याचा होता. मशीनसमोर उभ्या पोराला याहून नेमकं दुसरं काय सांगणार?

शेवटी घरात एक गोष्ट करा. आज रात्री जेवताना पोराला विचारा, "वर्कशॉपमध्ये आज काय केलं? कोणतं मशीन? गॉगल होता का? कोणाला लागलं का?" सुरुवातीला तो 'काही नाही' म्हणेल. रोज विचारा. आणि त्याला हे सांगून ठेवा, की एखादं मशीन बरोबर वाटलं नाही तर "सर, मी यावर आत्ता काम करणार नाही, आधी बघून घ्या" असं म्हणायला घाबरायचं नाही. त्यासाठी मार्क गेले तर घरात कोणी रागावणार नाही. हा शब्द आईबापाने आधी दिलेला असेल, तरच ते लेकरू त्या क्षणी तोंड उघडेल.

मार्क पुढच्या परीक्षेत परत मिळवता येतात. डोळा आणि बोट परत मिळत नाहीत.

जय भीम.